तेल आपलं, धूर त्यांचा

शेती आणि जमीन-वापर यांतून होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनाबाबत भारत आणि इंडोनेशिया यांची तुलना करायची असेल, तर २०१० हे वर्ष सोयीचं आहे. त्या वर्षाचे आकडे दोन्ही देशांनी स्वतःच संयुक्त राष्ट्रांना कळवलेले आहेत. त्यामुळे कुणा परक्या संस्थेनं आपल्याला बदनाम केलं, अशी तक्रार करायला कुणालाच जागा नाही.

भारताची शेती, म्हणजे गुरं, भातखाचरं, शेतात पडणारं नत्र, जाळलेलं पाचट वगैरे, सगळं कार्बन डायऑक्साइडच्या मापात आणून ३९ कोटी टन. इंडोनेशियाची शेती ११.१ कोटी टन. आता जमीन आणि जंगल. भारताच्या जमिनीनं त्या वर्षी वायू सोडले नाहीत, उलट २५.३ कोटी टन शोषून घेतले, असं आपला अहवाल सांगतो. इंडोनेशियाच्या जमिनीनं ६४.७ कोटी टन सोडले. बेरीज-वजाबाकी करून लोकसंख्येनं भागलं, तर माणशी भारतीय वाट्याला येतात वर्षाला सुमारे ११३ किलो आणि इंडोनेशियन माणसाच्या वाट्याला तीन टनांच्या वर. साधारण २८ पट फरक. शिवाय २०१० हे तिकडे पावसाचं वर्ष होतं, मोठे वणवे लागले नव्हते. वणव्यांचं वर्ष घेतलं असतं तर हा फरक आणखी वाढला असता.

हा तक्ता खोटा नाही. पण त्याच्या जोरावर जे बोललं जातं ते मला मान्य नाही. आपली शेती मुळातच निसर्गाशी जुळवून घेणारी, आपली संस्कृती झाडाला देव मानणारी, आणि तिकडे बघा, जंगलं पेटवून मोकळे होतात, असं आपल्याकडे शिकलेली माणसंसुद्धा बोलतात. जागतिक परिषदांमध्ये भारताची बाजू मांडताना दरडोई आकड्यांचा आधार घेतला जातो आणि तो बऱ्याच अंशी न्याय्यही आहे. कोळसा आणि पेट्रोल यांच्या बाबतीत अमेरिकन माणसानं आपल्याला उपदेश करू नये, हे मीही म्हणेन. पण तोच दरडोई भागाकार जमिनीच्या हिशेबाला लावून इंडोनेशियाकडे नाक मुरडणं म्हणजे हॉटेलात जेवून घरी यायचं आणि आमची मोरी कशी स्वच्छ, हे शेजाऱ्याला दाखवायचं.

शेतीचा रकाना आधी बाजूला काढतो, कारण तिथे भांडण कमी आहे. आपल्याकडे गुरं प्रचंड आहेत. २०१९च्या पशुगणनेत गायी-बैल १९ कोटींच्या वर आणि म्हशी जवळजवळ ११ कोटी निघाल्या. या जनावरांच्या रवंथातून निघणारा मिथेन हा आपल्या शेतीच्या उत्सर्जनातला सगळ्यांत मोठा भाग. इंडोनेशियात गुरं कमी, भात भरपूर. माणशी काढलं तर दोघांच्याही शेतीचा बोजा शे-दीडशे किलोच्या फरकानं जवळजवळ सारखाच येतो. इथे एक गंमत मात्र सांगितली पाहिजे. एक टन मिथेन म्हणजे किती टन कार्बन डायऑक्साइड, हा गुणक विकसनशील देशांसाठीच्या जुन्या नियमांनुसार २१ होता, १९९५चा. विज्ञानानं नंतर तो २५ आणि मग २८ केला. २१च्या जागी २८ लिहिलं की एकही म्हैस न वाढवता मिथेनचा रकाना एक-तृतीयांशानं फुगतो. मी ज्या धंद्यात आहे तिथे कुणी प्रोग्राममध्ये वीस वर्षांपूर्वीचा स्थिरांक तसाच ठेवला तर त्याला शिव्या पडतात. असो. या गुणकामुळे दोन्ही देशांचे आकडे सरकतात, पण २८ पटींचं कोडं त्यानं सुटत नाही. ते जमिनीच्या रकान्यात आहे.

इंडोनेशियाची जमीन एवढे वायू सोडते कुठून? नुसती झाडं तोडून एवढं होत नाही. सुमात्रा आणि कालिमंतानच्या किनारी सखल भागांत पीटची जमीन आहे. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं पाण्याखाली राहिल्यामुळे न कुजता साचत गेलेलं लाकूड आणि पालापाचोळा. काही ठिकाणी हा थर विहिरीएवढा खोल असतो. पाण्याखाली असेपर्यंत तो गप्प असतो. पाम किंवा कागदाच्या लगद्याची झाडं लावायची तर मुळांना हवा हवी, म्हणून चर खणून पाणी काढून टाकावं लागतं. पाण्याची पातळी खाली गेली की वरचा थर हवेत उघडा पडतो आणि हजारो वर्षं थांबलेलं कुजणं सुरू होतं. जमीन वर्षाला काही सेंटिमीटर खचत जाते. यात आग लागण्याची गरज नाही. हिरवीगार, नीटनेटकी, ओळीत लावलेली पामची बाग वरून दिसते आणि तिच्या खालून जमीनच हवेत जात असते. आग लागली तर मग विचारायलाच नको. पीटची आग जमिनीखाली धुमसते, वरून पाणी मारून विझत नाही. २०१५ साली इंडोनेशियात सुमारे २६ लाख हेक्टर जमीन जळली. जागतिक बँकेनं नुकसान काढलं १६ अब्ज डॉलर. सिंगापूर आणि मलेशियातल्या शाळा धुरानं बंद पडल्या.

आता या जमिनीवर पिकलेलं तेल कोण खातं?

जगात पामतेल आयात करणाऱ्या देशांत पहिला नंबर भारताचा आहे, आणि हे काही काल-परवाचं नाही. आपण वर्षाला दीड कोटी टनांच्या वर खाद्यतेल बाहेरून आणतो, त्यातलं साधारण निम्मं पामतेल, आणि त्यातला मोठा वाटा इंडोनेशियाचा. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त आयात केलेलं असतं. पामतेल आम्ही वापरत नाही, आमच्याकडे शेंगदाण्याचं किंवा करडईचं, असं म्हणणारी घरं आहेत. त्यांनी वेफर्सच्या पाकिटाची मागची बाजू वाचावी, बिस्किटाच्या पुड्याची वाचावी. नाक्यावरच्या वडापावच्या कढईत, फरसाणाच्या भट्टीत, बेकरीच्या खारीत, साबणाच्या वडीत ते असतंच. आणि गरिबांच्या घरात ते उघडपणे आहे. २०२२च्या दिवाळीत महाराष्ट्र सरकारनं शंभर रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ दिला, तेव्हा त्या पिशवीत रवा, चणाडाळ, साखर आणि एक लिटर पामतेल होतं. दिवाळीच्या फराळाचं अधिकृत, शासनमान्य तेल पाम आहे, एवढं तरी आपण मान्य करायला हरकत नाही.

त्याच वर्षी एप्रिलच्या २८ तारखेला इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात बंद केली होती. कारण त्यांच्याच देशात तेल महागलं होतं. ही बंदी २३ मेपर्यंत चालली, एक महिनासुद्धा नाही. पण तेवढ्यात आपल्या बाजारात धावपळ उडाली. तिथल्या एका सरकारी आदेशानं इथली कढई हलते, इतके आपण त्या जमिनीशी जोडलेले आहोत. आणि तरी उत्सर्जनाच्या तक्त्यात आपल्या दोघांमध्ये संबंध असल्याची एकही खूण नाही.

थोडा हिशेब करू. निचरा केलेल्या पीटवरच्या पाम लागवडीसाठी आयपीसीसीनं २०१३च्या पुरवणीत दिलेला सर्वसाधारण आकडा आहे हेक्टरी वर्षाला ११ टन कार्बन, म्हणजे सुमारे ४० टन कार्बन डायऑक्साइड. हेक्टरातून तेल निघतं साडेतीन ते चार टन. म्हणजे किलोभर तेलामागे दहा किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड, आणि हे फक्त जमीन कुजण्याचं. त्याआधी तोडलेलं जंगल, लागलेली आग, कारखान्याचं सांडपाणी, जहाज, काहीच धरलेलं नाही. एक लिटर पेट्रोल जाळलं की सव्वादोन-अडीच किलो निघतो. म्हणजे अशा जमिनीवरचा पंधरा किलोचा एक डबा म्हणजे साठ-सत्तर लिटर पेट्रोल. वर दिलेला ११३ किलोचा माणशी आकडा आठवा. एका डब्यात आपली वर्षभराची पुण्याई संपते.

‘अशा जमिनीवरचा’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. इंडोनेशियातली बहुतेक पाम लागवड पीटवर नाही, साध्या मातीवर आहे, आणि तिथला आकडा यापेक्षा पुष्कळ कमी येतो. तुमच्या घरातला डबा कुठल्या जमिनीचा? ते कुणालाच ठाऊक नाही, कारण डब्यावर गिरणीचं नाव नसतं, जिल्ह्याचं नसतं, कित्येकदा देशाचंही नसतं. ते कळू शकतं. कोणत्या गिरणीतून कोणतं तेल निघालं याची साखळी ठेवण्याच्या पद्धती आहेत, युरोपातले काही खरेदीदार ती मागतात. आपण मागत नाही. जगातला सगळ्यांत मोठा गिऱ्हाईक फक्त भाव विचारतो.

सगळं खापर भारतीय कढईवर फोडणंही खोटेपणाचं होईल. २००१ ते २०१६ या काळात इंडोनेशियात जे जंगल गेलं त्यातला साधारण एक चतुर्थांश भाग थेट पाम लागवडीमुळे गेला, असं उपग्रह चित्रांवरून निघालं आहे. बाकीचं लाकूड, लगदा, छोटी शेती, खाणी, आग. सगळ्यांत वेडा प्रकार तर पामसाठी नव्हताच. १९९५-९६ मध्ये सुहार्तोंनी मध्य कालिमंतानमधल्या दहा लाख हेक्टर दलदलीत भात पिकवायचं ठरवलं. हजारो किलोमीटर कालवे खणले, पाणी काढलं, भात काही पिकला नाही, आणि १९९७च्या दुष्काळात तो कोरडा पडलेला पट्टा पेटला. त्या वर्षीच्या पीटच्या धुरातून गेलेला कार्बन जगभरच्या जीवाश्म इंधनांच्या वार्षिक उत्सर्जनाच्या १३ ते ४० टक्के होता, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. २०२० मध्ये त्याच प्रदेशात पुन्हा सरकारी धान्यशेतीची योजना आली. शिवाय आज इंडोनेशिया स्वतःचंच पामतेल डिझेलमध्ये मिसळतो, २०२५ पासून ४० टक्के. तो धूर आपला नाही. जकार्तातल्या राज्यकर्त्यांना आणि बागायतदार कंपन्यांना मी निर्दोष सोडत नाही. त्यांनी २०११ पासून नव्या परवान्यांवर स्थगिती आणली, २०१६ मध्ये पीट पुन्हा ओलं करायला स्वतंत्र संस्था काढली आणि त्यानंतर काही वर्षं जंगलतोड खरोखर उतरली, हेही नोंदवलं पाहिजे. म्हणजे तिथे धोरणानं फरक पडतो.

मग देशाच्या सीमेवर हिशेब थांबवायचा नियम चुकीचा आहे का? नाही. ज्या सरकारचा कायदा त्या जमिनीवर चालतो, त्यानं त्या जमिनीचा हिशेब द्यावा, हे बरोबरच आहे. भारताच्या संसदेला रियाऊ प्रांतात चर बुजवता येणार नाही. नियम जबाबदारी वाटण्यासाठी केलेला आहे. आपण मात्र तो गुणवत्ता मोजायला वापरतो. कॉम्प्युटरच्या भाषेत सांगायचं तर सगळं जड काम दुसऱ्याच्या सर्व्हरवर पाठवून द्यायचं आणि आपल्या सर्व्हरचा आलेख किती खाली आहे हे मालकाला दाखवायचं. मालक खूश होतो. बिल दुसरीकडे येतं. माझ्या क्षेत्रात अशा आलेखावर बढत्या मिळतात, पण निदान आतल्या लोकांना ठाऊक असतं की काम कमी झालेलं नाही.

आता आपल्या वजा २५.३ कोटी टनांकडे वळू, कारण सगळा अभिमान त्यावर उभा आहे. नंतरच्या वर्षांत हा आकडा आणखी वाढला. २०२०च्या अहवालात देशाच्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनाच्या सुमारे २२ टक्के आपली जमीन आणि झाडं शोषून घेतात असं म्हटलं आहे. यातलं जंगल म्हणजे काय? जंगलातल्या कार्बनसाठ्याचे आपले अंदाज भारतीय वन सर्वेक्षणाच्या पाहणीवर उभे आहेत. त्यांच्या व्याख्येनुसार एक हेक्टर किंवा अधिक जागेवर दहा टक्के झाडोरा असला की ते वनाच्छादन. मालक कोण, जमीन कागदोपत्री कसली, झाड कुठलं, याला महत्त्व नाही. फळबागा, बांबू आणि पामसुद्धा त्यात येतात, असं व्याख्येतच लिहिलेलं आहे. म्हणजे हापूसची कलमं जंगल, निलगिरीची लागवड जंगल, रबर जंगल. ही व्याख्या उचलून उद्या इंडोनेशियाला लावली तर सुमात्रातल्या पामच्या बागा जंगल ठरतील आणि जंगलतोडीचं क्षेत्रफळ कागदावर कितीतरी आटेल. दोन देशांची तुलना करताना एकाला एक फूटपट्टी आणि दुसऱ्याला दुसरी, हे चालणार नाही.

दुसरी गोष्ट काळाची. आपल्याकडची मोठी जंगलतोड हिशेबाच्या वह्या उघडण्याआधीच झाली. रेल्वेच्या स्लीपरांसाठी, जहाजांसाठी, कोळशासाठी, मग धरणं आणि शेतीसाठी सह्याद्री आणि मध्य भारत दीडशे वर्षं तोडला गेला. ज्या डोंगरावर काहीच उरलेलं नाही तिथे एक गिरिपुष्प लावलं तरी रकाना हिरवा होतो. इंडोनेशियाची तोड आपल्या डोळ्यांदेखत, उपग्रहांच्या नजरेखाली होते आहे, म्हणून ती दिसते. आधी तोडून घेतलेल्यानं मागाहून तोडणाऱ्याला सज्जनपणाचे धडे द्यावेत, हेच तर आपण युरोपला ऐकवत असतो!

हे सगळं जुन्या आकड्यांपुरतंच असतं तर मी लिहीत बसलो नसतो. २०२१च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं ११,०४० कोटी रुपयांचं पामतेल अभियान मंजूर केलं. २०२५-२६ पर्यंत साडेसहा लाख हेक्टर नवी लागवड करायची आणि त्यातली जवळजवळ निम्मी, ३.२८ लाख हेक्टर, ईशान्य भारतात. आंध्र-तेलंगणात भाताच्या शेतात पाम लावला तर तो पाण्याचा प्रश्न होतो, त्यावर वेगळं बोलता येईल. ईशान्येत मात्र तो डोंगरउतारावर, झूमच्या जमिनीवर आणि पडीक म्हणून नोंदलेल्या पण झाडीनं भरलेल्या जागेवर जाणार. मिझोराममध्ये डम्पा व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात जयदेव मंडल आणि टी. आर. शंकर रमण यांनी पक्ष्यांची पाहणी केली. झूमच्या फिरत्या शेतीत आणि तिच्या पडीत जितक्या जातींचे वनपक्षी सापडले त्याहून पामच्या बागेत कितीतरी कमी होते. झूमला आपण सरकारी भाषेत विध्वंसक म्हणत आलो. आणि तिच्या जागी जे आणतो आहोत, ते वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत वनाच्छादनच राहील. झाडी गेली, पाम आला, क्षेत्रफळाच्या रकान्यात फरक शून्य! इंडोनेशियाला निदान त्याच्या वहीत तोड लिहावी लागते.

मग पामतेल टाकून द्यायचं का? शहरातल्या दुकानांत ‘पाम-विरहित’ अशी चिठ्ठी लावलेली बिस्किटं मिळू लागली आहेत. मला हा उपाय पटत नाही आणि त्याचं कारण साधं अंकगणित आहे. आपल्या सोयाबीनचं हेक्टरी उत्पन्न एक टनाच्या आसपास, त्यात तेल अठरा टक्के. म्हणजे हेक्टरातून तेल दोनशे किलोसुद्धा नाही. पाम देतो साडेतीन हजार. ऐंशी लाख टन पामतेलाच्या जागी सोयातेल आणायचं तर सव्वाचार कोटी हेक्टरांच्या वर जमीन लागेल. महाराष्ट्राचं सगळं क्षेत्रफळ, डोंगर, शहरं, रस्ते धरून, तीन कोटी हेक्टरांच्या थोडं वर आहे. सोयाबीनची पेंड मिळते हे खरं, पण एवढी पेंड खायला कोंबड्या कुठून आणणार? पाम हे पीक वाईट नाही. त्याला कुठे लावलं हे वाईट आहे.

एक उपाय अर्थातच कमी तेल खाण्याचा. माणशी वर्षाला एकोणीस किलोच्या वर आपण गेलो आहोत आणि आरोग्याच्या दृष्टीनं बाराच्या आसपास पुरे, असं सांगितलं जातं. पंतप्रधानांनीही २०२५च्या फेब्रुवारीत तेल दहा टक्क्यांनी कमी करा असं आवाहन केलं. त्याच वर्षी मेअखेर कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयातशुल्क वीसवरून दहा टक्क्यांवर आलं. एका हातानं सल्ला, दुसऱ्या हातानं सवलत. लातूर-धाराशिवकडच्या सोयाबीन शेतकऱ्याला हे शुल्क काय असतं ते विचारा, तो तारखेसकट सांगेल.

माझं भांडण शुल्काशीही दुय्यम आहे. मुख्य भांडण आहे ते बिनशर्त खरेदीशी. युरोपीय संघानं २०२३ मध्ये कायदा केला की जंगल तोडलेल्या जमिनीवरचं पाम, सोया, कॉफी वगैरे माल तिथे विकता येणार नाही. त्याची अंमलबजावणी ते वारंवार पुढे ढकलत आहेत आणि त्या कायद्यात श्रीमंतांचा तोरा आहेच. पण तो लागू झाला की स्वच्छ तेल तिकडे आणि उरलेलं इकडे, अशी वाटणी होणार. आपण काहीच विचारत नाही म्हणून पीटवरच्या तेलाला हक्काची बाजारपेठ मिळणार. गरिबाचं तेल महागेल, असा यावर नेहमीचा आक्षेप. तो मी हसण्यावारी नेत नाही. पण मग सुरुवात रेशनपासून करूच नये. ज्या कंपन्या दहा रुपयांच्या पुडीत हवा जास्त आणि वेफर्स कमी भरतात, त्यांच्यापासून करावी. त्यांच्या तेलाची गिरणी त्यांना ठाऊक असायला हवी आणि पाकिटावर छापायला फार शाई लागत नाही. नव्यानं निचरा केलेल्या पीटवरचं तेल घेणार नाही, एवढी एकच अट भारतानं घातली तरी कालिमंतानमधल्या कंपन्यांना ती ऐकावी लागेल.

आणि आपल्या पुढच्या अहवालात जमिनीच्या वजा आकड्याखाली एक ओळ घालावी: या वर्षी आपण बाहेरून इतके टन पामतेल आणलं, अमुक देशांतून. उत्सर्जनाच्या बेरजेत ती धरू नका, नियम नाही तर नाही. ज्याला भागाकार करून इंडोनेशियाला नावं ठेवायची आहेत, त्याला ती ओळ ओलांडून पुढे जावं लागेल.